जिन्यावर मोजलेली हवा

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर महाराष्ट्रात घरोघरी ओळखीचा झाला. रुग्णासाठी धावपळ करणाऱ्यांना तो मिळेल की नाही, ही पहिली चिंता असे. मिळाला की लगेच दुसरी चिंता उभी राही: हा पुरेल किती वेळ?

उत्तर एका गुणाकारात होते. जम्बो सिलिंडरच्या पोलादी नळकांड्यात पाणी भरले तर ४६.७ लिटर मावते. ऑक्सिजन मात्र त्यात १५० बार दाबाने कोंबलेला असतो, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळपास दीडशे पट. ४६.७ ला १५० ने गुणले की ७,००५ येतात. हा वायू मोकळा सोडला तर सुमारे ७,००० लिटर जागा व्यापेल. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असतील तर सिलिंडर ७०० मिनिटे चालेल, पावणेबारा तासांना पाच मिनिटे कमी. हाताने उचलून नेता येणाऱ्या लहान सिलिंडरमध्ये १० लिटर पाणी मावते. त्याचा हिशेब १,५०० लिटरचा, म्हणजे अडीच तासांचा. दाबमापकाचा काटा १५० वरून ७५ वर उतरला की निम्मा वायू संपला, हेही याच गणितातून कळते.

तापमान बदलले नाही तर ठरावीक वायूचा दाब आणि त्याचे आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होते, दाब तिप्पट केला की एकतृतीयांश. शाळेच्या पुस्तकात बॉइलचा नियम म्हणून हे एका ओळीत येते, खाली दोन-तीन उदाहरणे सोडवायला असतात आणि धडा पुढे सरकतो. त्या ओळीमागचे भांडण, आठ फुटांहून उंच काचेची नळी आणि ती टांगायला शोधावा लागलेला जिना पुस्तकात नसतात. ते असायला हवेत, कारण हा नियम कसा हाती लागला ते कळले की त्याच्या मर्यादाही आपोआप समजू लागतात.

रॉबर्ट बॉइलचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधल्या लिस्मोर किल्ल्यात झाला. बाप अर्ल ऑफ कॉर्क, अफाट श्रीमंत. त्याचे हे चौदावे अपत्य. बॉइलला पोटासाठी काही करावे लागणार नव्हते, आणि मिळालेली ही सवड त्याने सगळी प्रयोगांत घातली. किशोरवयात तो इटलीत होता. १६४२ च्या जानेवारीत गॅलिलिओ वारला तेव्हा बॉइल जवळच्याच फ्लॉरेन्समध्ये मुक्कामाला होता. पुढच्याच वर्षी गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेल्ली याच्या सूचनेवरून तो प्रसिद्ध प्रयोग झाला. एका टोकाला बंद असलेली लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली तर पारा पुरता खाली येत नाही, सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो. वर पोकळी उरते. टॉरिचेल्लीचे म्हणणे असे की, बाहेरच्या हवेचे वजन भांड्यातल्या पाऱ्यावर रेटते आणि नळीतला पारा तोलून धरते.

आज हे सरळ वाटते. त्या काळी ते अनेकांना पटण्यासारखे नव्हते. हवेला वजन असेल, पण इतके? आणि ती रिकामी जागा खरोखर रिकामी आहे का? निसर्गाला पोकळी सहन होत नाही, हे ॲरिस्टॉटलपासून चालत आलेले मत विद्यापीठांतून शिकवले जात होते.

बॉइल १६५५ च्या सुमारास ऑक्सफर्डला राहायला आला. जर्मनीतल्या ओटो फॉन गेरिकेने भांड्यातली हवा उपसणारा पंप तयार केल्याचे त्याने वाचले होते. तसाच, पण वापरायला सोयीचा पंप त्याला हवा होता. तो १६५९ मध्ये बनवून दिला रॉबर्ट हूक या तरुण मदतनिसाने. हूकच्या हातात विलक्षण कसब होते. स्प्रिंगचा ताण आणि लांबी यांचा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो तो हाच. काचेचा मोठा गोळा, त्याखाली पितळी नळकांडे, दट्ट्या आणि तो ओढायला दात्यांची पट्टी व हँडल. गोळ्याच्या तोंडातून आत वस्तू ठेवायची, झाकण लावायचे आणि हवा उपसत जायचे.

आत काय काय ठेवले गेले त्याची यादी वाचताना आजही उत्सुकता वाढत जाते. जळती मेणबत्ती विझली. टिकटिकणाऱ्या घड्याळाचा आवाज मंदावत नाहीसा झाला. कोकराच्या मूत्राशयाची सुकवलेली, अर्धवट हवा भरून तोंड बांधलेली पिशवी ठेवली तर बाहेरची हवा कमी होताच ती फुगू लागली. पिशवीत एक फुंकरही नव्याने गेलेली नव्हती. आतली हवा स्वतःहून पसरत होती. मग बॉइलने टॉरिचेल्लीची पाऱ्याची नळीच गोळ्यात बसवली. पंपाच्या प्रत्येक ओढीबरोबर पारा खाली उतरत गेला, आणि हवा परत आत सोडताच वर चढला. पारा तोलून धरणारी शक्ती हवेतच आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा देणे कठीण.

हवेच्या या गुणाला बॉइल स्प्रिंग म्हणे. लोकरीचा पुंजका मुठीत दाबावा आणि सोडताच तो फुलावा, तसे हवेचे कण असावेत अशी त्याची कल्पना होती. १६६० मध्ये त्याने ४३ प्रयोगांचे पुस्तक छापले. त्यात दाब आणि आकारमान यांचा नियम नाही. तो दोन वर्षांनी आला, आणि आला तो टीकाकारामुळे.

फ्रान्सिस लाइन हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू लिएज इथे अध्यापन करत असे. लॅटिन लेखनात त्याचे नाव लायनस असे येते. १६६१ मध्ये त्याने बॉइलच्या मताचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. हवेला वजन आहे आणि ताणही आहे, हे त्याला मान्य होते. पण २९ इंच उंच पारा तोलून धरण्याइतकी ताकद हवेत नाही, असे तो म्हणे. मग पारा वर राहतो कसा? लाइनचे उत्तर: नळीच्या वरच्या पोकळीत एक अदृश्य, अतिशय ताणलेला धागा असतो आणि तो पाऱ्याला वर ओढून धरतो. पुरावा म्हणून तो एक साधी गोष्ट करायला सांगे. दोन्ही टोकांना उघडी नळी घ्या, वरचे तोंड बोटाने बंद करून तोच प्रयोग करा. बोट आत ओढले जाते ते प्रत्यक्ष जाणवते. ओढणारे काहीतरी असल्याशिवाय ओढ कशी लागेल?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नव्हता. बोटाला जी ओढ लागते ती खरीच लागते. बोटाच्या बाहेरच्या बाजूने हवा ढकलते आहे आणि आतून ढकलायला कुणी नाही म्हणून तसे वाटते, हे बॉइलचे स्पष्टीकरण. पण अनुभव दोघांच्याही बाजूने सारखाच बोलत होता. शब्दाला शब्द वाढत गेला असता तर वाद कधीच मिटला नसता. बॉइलने लाइनचे म्हणणे मोजता येईल अशा रूपात आणले. हवेची ताकद पुरत नाही असे म्हणता ना? मग ती नेमकी किती आहे तेच पाहू.

त्यासाठी इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी करवून घेतली. आखूड भुजेचे टोक बंद, लांब भुजेचे तोंड उघडे. आखूड भुजेत १२ इंच उंचीची हवा कोंडली. त्या भुजेवर कागदाची पट्टी चिकटवून इंचाचे चार-चार भाग पाडले, म्हणजे हवेचे एकूण ४८ भाग झाले. लांब भुजेत पारा ओतत गेले की त्याच्या भाराने कोंडलेली हवा आकसत जाणार. पहिल्या प्रयत्नात नळी फुटली आणि पारा सांडला. पुढची नळी इतकी उंच होती की खोलीत मावेना, म्हणून भरपूर उजेड असलेल्या जिन्यावर प्रयोग मांडला. नळी दोऱ्यांनी टांगली, खाली पेटी ठेवली, की पुन्हा फुटली तर पारा त्यात पडावा. काम दोघांचे होते. एक वर उभा राहून पारा ओते, दुसरा खाली बसून हवा किती आकसली ते टिपून घेई.

सुरुवातीला हवेवर होता फक्त वातावरणाचा दाब. त्या दिवशी तो पाऱ्याच्या २९ १/८ इंचांइतका भरला. हवा ४८ भागांवरून २४ भागांवर यायला, म्हणजे बरोबर निम्मी व्हायला, वरून आणखी २९ ११/१६ इंच पारा लागला. एकूण दाब ५८ १३/१६ इंच. गणिताने तो ५८ १/४ यायला हवा होता. पुढे ओतत ओतत हवा १२ भागांवर, म्हणजे एकचतुर्थांशावर आली तेव्हा जादा पारा ८८ ७/१६ इंच झाला होता. एकूण ११७ ९/१६ इंच. गणित सांगते ११६ १/२.

दोन्ही रकान्यांचे गुणाकार करून पाहावेत. ४८ गुणिले २९ १/८ म्हणजे १,३९८. २४ गुणिले ५८ १३/१६ म्हणजे १,४११.५. १२ गुणिले ११७ ९/१६ म्हणजे १,४१०.७५. हाताने वाकवलेली काच, कागदी पट्टी आणि डोळ्यांनी घेतलेली मापे, तरी फरक एका टक्क्याच्या आसपासच. बॉइलने अशी २५ मापे घेतली आणि गणिताने येणारा आकडा प्रत्यक्ष आकड्याच्या शेजारी छापला. ज्याला शंका असेल त्याने दोन्ही रकाने स्वतः ताडून पाहावेत. १६६२ मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आणि लाइनला दिलेल्या उत्तरात हा तक्ता आला. २९ इंच पारा पेलण्याइतकी ताकद ज्या हवेत नाही म्हणून सांगितले गेले होते, तिने त्यावर आणखी ८८ इंच पेलून दाखवले होते. धाग्याची गरजच उरली नाही.

उलट्या बाजूनेही बॉइलने मोजले: हवा दाबण्याऐवजी पसरू दिली, मूळ आकारमानाच्या ३२ पटींपर्यंत. तिथेही तोच मेळ बसला.

नियमाला बॉइलचे नाव मिळाले, पण त्याचा धनी तो एकटा नव्हता. लँकशरमधला रिचर्ड टाउनली आणि हॅलिफॅक्सचा डॉक्टर हेन्री पॉवर यांनी २७ एप्रिल १६६१ रोजी पेंडल हिल नावाच्या डोंगरावर पाऱ्याच्या नळ्या नेल्या, पायथ्याशी आणि माथ्यावर कोंडलेल्या हवेचे आकारमान मोजले आणि दाबाशी त्याचा व्यस्त मेळ लावला. बॉइलने आपल्या पुस्तकात ही कल्पना टाउनलीची असल्याचे नाव घेऊन लिहिले आहे. हूकनेही स्वतंत्रपणे मापे घेतली होती. फ्रान्समध्ये एड्म मारियॉटने १६७० च्या दशकात हाच नियम मांडला, त्यामुळे फ्रेंच मुले आजही तो मारियॉटच्या नावानेही शिकतात. बॉइलचा मान त्यामुळे कमी होत नाही. इतरांकडे अंदाज होता, थोडी मापे होती. दाबाच्या मोठ्या पल्ल्यावर ओळीने मापे घेऊन, चुकीसकट सगळ्यांपुढे ठेवणारा तक्ता त्याचा होता. शिवाय कल्पना दुसऱ्याची आहे हे लिहायला तो विसरला नाही, आणि आज ही गोष्ट सांगताना टाउनली आणि पॉवर यांची नावे गाळणे हा दोघांवर अन्यायच आहे.

हवा अशी का वागते, याचे उत्तर बॉइलकडे नव्हते. लोकरीची कल्पना चित्र म्हणून चांगली होती, पण तिच्यातून व्यस्त प्रमाण निघत नाही. ते पहिल्यांदा नीट काढले डॅनियल बर्नुली याने, १७३८ मध्ये, आपल्या द्रवगतिशास्त्राच्या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात. त्याच्या मते वायू म्हणजे सतत इकडेतिकडे धावणारे असंख्य सूक्ष्म कण, आणि दाब म्हणजे भांड्याच्या भिंतीवर बसणाऱ्या त्यांच्या धडका. कॅरमच्या दोन समोरासमोरच्या कडांमध्ये स्ट्रायकर जोरात सोडला आणि तो न थांबता ये-जा करत राहिला अशी कल्पना करावी. कडा एकमेकींच्या निम्म्या अंतरावर आणल्या, स्ट्रायकरचा वेग मात्र तोच ठेवला, तर प्रत्येक कडेवर दर मिनिटाला दुप्पट टोले बसतील. जागा निम्मी, दाब दुप्पट. साध्या खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावत असतात, म्हणून वेगळे टोले जाणवत नाहीत, एकसंध दाब जाणवतो. बर्नुलीच्या या विचाराकडे शंभरेक वर्षे फारसे कुणी वळले नाही. क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो पुन्हा हाती घेतला आणि पूर्णत्वाला नेला.

या चित्रात एक अट दडलेली आहे: वेग तोच राहिला पाहिजे. रेणूंचा सरासरी वेग तापमानावर ठरतो. म्हणून नियमाच्या सुरुवातीला "तापमान कायम असताना" हे शब्द येतात. पाठांतर करताना मुले हे शब्द घाईत उरकतात, खरे तर सगळ्या नियमाचा तोल त्यांच्यावर आहे. बॉइललाही याची जाणीव होती. त्याने कोंडलेल्या हवेच्या नळीवर ओले फडके गुंडाळून पाहिले, हवा किंचित आकसली. मेणबत्तीची ज्योत जवळ नेली, ती पसरली. मात्र जिन्यावर पारा सावकाश ओतला जात होता, हवेत निर्माण झालेली ऊब काचेतून बाहेर निघून जायला वेळ मिळत होता, म्हणून आकडे इतके जुळले.

सायकलच्या पंपाने भराभर हवा मारली की पंपाचे खालचे टोक हाताला चांगलेच गरम लागते. तिथे हा वेळ मिळत नाही. २७ अंश सेल्सिअसची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता झटक्यात निम्म्या जागेत दाबली तर गणिताने तिचे तापमान १२० अंशांच्या वर जाते आणि दाब दुपटीऐवजी सुमारे २.६ पट होतो. डिझेल इंजिन याच जोरावर चालते. हवा सोळा-सतरा पटींनी दाबली जाते, ५०० अंशांच्या पुढे तापते, आणि फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेट घेते.

ही अट नजरेआड झाली तर काय होते, याचा सगळ्यात मोठा दाखला न्यूटनचा आहे. १६८७ च्या प्रिन्सिपिया ग्रंथात त्याने हवेतल्या ध्वनीचा वेग निव्वळ गणिताने काढला. ध्वनी म्हणजे हवेचे आळीपाळीने दाबले जाणे आणि पसरणे; तो दाब आणि आकारमान यांचा संबंध बॉइलच्या नियमाप्रमाणे असेल असे त्याने धरले. उत्तर प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आले. शून्य अंश तापमानाला या रीतीने वेग सेकंदाला २८० मीटर निघतो, खरा आहे ३३१. न्यूटनने हवेतल्या धूलिकणांची, बाष्पाची कारणे जोडून मेळ घालायचा प्रयत्न केला, पण ते खरे कारण नव्हते. ते पुढे लाप्लासने दाखवले: ध्वनीची लाट इतक्या वेगाने हवा दाबते आणि सोडते की उष्णतेला इकडून तिकडे जायला अवसरच नसतो. दाबलेली हवा तापते, अधिक ताठ होते आणि लाट जास्त वेगाने पुढे जाते. सव्वाशेहून अधिक वर्षे अडलेले गणित "तापमान कायम" या दोन शब्दांपाशी अडले होते.

माणसाच्या शरीरात हा नियम क्षणोक्षणी काम करतो. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, फुप्फुसांची जागा वाढते आणि आतला दाब कमी होतो. कमी म्हणजे किती? शांत श्वासात पाण्याच्या जेमतेम १ सेंटिमीटर उंचीइतका. तेवढ्या फरकाने सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. हवा आपण ओढत नाही. आपण फक्त जागा करतो, ढकलण्याचे काम बाहेरचे वातावरण करते. लाइन आणि बॉइल यांचा वाद अशा रीतीने प्रत्येक श्वासात बॉइलच्या बाजूने सुटतो.

कितीही जोर लावून श्वास सोडला तरी निरोगी प्रौढाच्या फुप्फुसात एक-सव्वा लिटर हवा उरतेच. दमा आणि धूम्रपानाने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारांत ही अडकलेली हवा वाढते, म्हणून ती मोजणे डॉक्टरांना गरजेचे असते. पण जी बाहेरच येत नाही ती मोजायची कशी? १९५६ मध्ये आर्थर दुबॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली युक्ती बॉइलला आवडली असती. रुग्णाला हवाबंद काचेच्या खोलीत बसवतात. तोंडातल्या नळीची झडप क्षणभर बंद करून त्याला धापा टाकल्यासारखा श्वास घ्यायला सांगतात. हवा आत-बाहेर जात नाही, पण छाती किंचित फुगते-आकसते, तसा छातीतला दाब बदलतो, आणि खोलीतला दाब त्याच्या उलट बदलतो. तोंडाशी दाब किती बदलला आणि छाती किती फुगली, हे दोन्ही कळले की बॉइलच्या समीकरणातून छातीतल्या एकूण हवेचे आकारमान बाहेर पडते. त्यातून जोर लावून बाहेर सोडता येणारा वाटा वजा केला की अडकलेली हवा किती ते कळते. ही तपासणी आजही मोठ्या रुग्णालयांत होते.

पाण्याखाली तर हा नियम जीवनमरणाचा आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो. छाती भरून ६ लिटर हवा घेऊन बुडी मारणाऱ्याच्या फुप्फुसात १० मीटरवर ती ३ लिटरची होते, ३० मीटरवर दीड लिटरची. बुडी मारणारा वर आला की हवा पुन्हा ६ लिटर होते, त्याला काही होत नाही. पाठीवर सिलिंडर बांधून उतरणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो खालीच दाबाखालची हवा छातीत भरून घेतो. ३० मीटरवर ६ लिटर भरून, श्वास रोखून तो वर आला तर तीच हवा २४ लिटर जागा मागेल. फुप्फुसे फाटतात. मालवण-तारकर्लीला स्कुबा शिकायला जाणाऱ्यांना म्हणूनच पहिला नियम शिकवतात की श्वास कधीही रोखायचा नाही. उथळ पाणी सुरक्षित वाटते, पण हे वाटणे फसवे आहे. पहिल्या १० मीटरमध्ये आकारमान निम्म्याने बदलते, ३० ते ४० मीटरमध्ये मात्र ते एकचतुर्थांशावरून फक्त एकपंचमांशावर येते. दोन मीटरवरून श्वास रोखून वर आल्यानेही फुप्फुसाला इजा होऊ शकते.

सिलिंडर किती पुरेल हेही खोलीवर ठरते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने २,४०० लिटर हवा असते. मिनिटाला २० लिटर हवा वापरणाऱ्याला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा खर्च होते आणि तीच टाकी ४० मिनिटांत रिकामी होते. पाणबुडीचेही असेच आहे. वर येण्यासाठी तिच्या टाक्यांतले पाणी दाबलेल्या हवेने बाहेर हुसकवतात. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातल्या पाणबुड्या असोत की जगातल्या इतर कुठल्या, २०० मीटरवर तेवढेच पाणी हटवायला पृष्ठभागाच्या २१ पट हवा लागते.

उंचीवर उलटा प्रकार. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहून किंचित कमी. मुंबईहून नेलेले वेफर्सचे सीलबंद पाकीट तिथे तट्ट फुगलेले दिसते. बॉइलच्या काचेच्या गोळ्यातली कोकराच्या मूत्राशयाची पिशवी फुगली ती याच कारणाने. विमानाच्या आत दाब जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका उतरू देतात, तेवढ्यानेही शरीरात कोंडलेला वायू एकतृतीयांशाने फुगतो. फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचलेल्या रुग्णाला डॉक्टर विमानप्रवास करू देत नाहीत, ते यासाठी.

नियम कुठवर खरा राहतो, हे तपासणाऱ्यांनी बॉइलच्या जिन्याच्या कितीतरी पुढे मजल मारली. फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल आमागा याने १८७० च्या दशकात सेंट एत्येनजवळच्या खाणीत ३२७ मीटर खोल पाऱ्याची नळी सोडली आणि ४३० वातावरणांपर्यंत दाब मोजला. लुई कायते याने १८९१ मध्ये आयफेल टॉवरवर ३०० मीटर उंच पाऱ्याची पोलादी नळी बसवली. आकडे नियमापासून ढळताना दिसले. कमी दाबाला बहुतेक वायू अपेक्षेपेक्षा थोडे जास्त आकसतात, फार दाबाला कमी. डच शास्त्रज्ञ योहानेस व्हान डर वाल्सने १८७३ मध्ये त्याची दोन कारणे समीकरणात मांडली: रेणू एकमेकांना थोडे ओढतात, आणि त्यांची स्वतःचीही काही जागा असते. या कामासाठी त्याला १९१० चे नोबेल मिळाले.

हा फरक रस्त्यावर दिसतो. सीएनजीच्या टाकीत वायू २०० बारला भरतात. इतक्या दाबाला मिथेनच्या रेणूंची आपापसातली ओढ इतकी प्रभावी असते की टाकीत बॉइलच्या हिशेबापेक्षा १५-२० टक्के जास्त वायू मावतो. वाहनमालकांच्या हे फायद्याचेच. मात्र घाईने भरताना टाकी तापते, तापलेला वायू कमी मात्रेतच ठरलेला दाब गाठतो, आणि टाकी थंड झाल्यावर दाबमापकाचा काटा खाली आलेला दिसतो. जम्बो सिलिंडरच्या ऑक्सिजनमध्येही काही टक्के वायू हिशेबापेक्षा जास्तच असतो. उलट सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेइतका उतरला की शेवटचे ४६.७ लिटर आतच राहतात.

स्वयंपाकाच्या गॅसला तर बॉइलचा नियम लावताच येत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये बहुतांश द्रव असतो. वायू वापरला जाईल तसा द्रव उकळून नवा वायू तयार होतो आणि दाब जवळपास तोच राहतो. दाबमापक लावला तरी द्रव संपेपर्यंत काटा फारसा हलणार नाही. शिल्लक गॅस किती हे वजन करूनच कळते.

कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक याच जातीचे, पण त्यांची एक खास गोष्ट आहे. हा वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, हे आयर्लंडच्या थॉमस अँड्र्यूज याने १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. थंडीच्या दिवसांत नागपूरच्या एखाद्या इमारतीतल्या अग्निशामकात द्रव आणि त्यावर वायू असे दोन थर असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की आतला पृष्ठभागच नाहीसा होतो आणि सगळीकडे एकच दाट प्रवाही पदार्थ उरतो. दाब ऋतूप्रमाणे वरखाली होतो, आतली मात्रा मात्र तेवढीच असते. म्हणून या अग्निशामकांवर बहुधा दाबमापक नसतो. तपासणीला येणारा माणूस ते काट्यावर ठेवतो आणि रिकाम्या नळकांड्यावर कोरलेल्या वजनाशी ताडून पाहतो.